ट्रॅक्टर नवा, ट्रॉली जुनी

“ट्रॉली तीच हाय, पिन बसतीय, मग आणि काय बघायचं?”

दसऱ्याला नवा ट्रॅक्टर दारात येतो, हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो आणि चार दिवसांच्या आत हा प्रश्न येतो. कोल्हापूर जिल्ह्यात तर हमखास येतो, कारण ट्रॅक्टर घ्यायचा मुहूर्त आणि गळीत हंगाम इथं पाठोपाठ असतात. बिद्री, कागल, शिरोळ, वारणानगर, कुडित्रे, परिते इथल्या कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि जुन्या ३५ एचपीच्या जागी आलेला ५० एचपीचा ट्रॅक्टर जुन्याच ट्रॉलीला जोडून फडात उतरतो. पिन बसली, ट्रॉली हलली, की काम झालं असं सगळे धरून चालतात.

पिन बसते, कारण भोकाचा आकार जमतो. बाकीची मापं मात्र जुन्या ट्रॅक्टरवर बेतलेली असतात: हूकची उंची, हूकवर पडणारं वजन, कडीतली ढिलाई, वळताना लागणारी मोकळी जागा, मागच्या दिव्यांची वायर. बैलजोडीतला एक बैल बदलला आणि नवा चार बोटं उंच निघाला, तर कुठलाही शेतकरी जू आहे तसं ठेवत नाही. जू तिरकं होतं, एकाच बैलाचा खांदा सुजतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टरचा खांदा सुजलेला दिसत नाही, म्हणून तिथं टेप घेऊन बसावं लागतं. या प्रकरणात ते माप कसं घ्यायचं आणि ते का घ्यायचं, हे एकेक करून पाहू.

१. मागे तीन जागा आहेत, ओढायची नेमकी कोणती?

नव्या ट्रॅक्टरच्या मागे उकिडवं बसून पाहा. ट्रॉली अडकवता येईल अशा तीन जागा दिसतात.

पहिली म्हणजे नेहमीचा हूक. तो ट्रॅक्टरच्या मागच्या धडाला बोल्टांनी पक्का केलेला असतो. दुसरी म्हणजे ड्रॉबार, पोटाखालून मागे आलेली जाड लोखंडी पट्टी. थ्रेशर किंवा रोटाव्हेटर फिरवण्यासाठी इंजिनाची ताकद मागे देणारा जो फिरता दांडा असतो, ज्याला पीटीओ म्हणतात, त्याच्या खाली हा ड्रॉबार असतो. तिसरी जागा म्हणजे नांगर उचलणारे दोन हात. या दोन हातांमध्ये भोकांची आडवी पट्टी बसवता येते आणि त्या भोकात पिन घालून ट्रॉली लावलेली अनेकदा दिसते.

ही तिसरी जागा भरलेल्या ट्रॉलीसाठी नाही. कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ मध्ये आला. त्याच्यामागे नांगर साध्या साखळीने किंवा दांड्याने ओढला जाई. नांगर खडकात अडकला की मागची चाकं जागेवर थांबत, इंजिनाचा जोर मात्र चालूच राही, आणि ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जाऊन तो चालकावर उलटे. अशा अपघातांसाठी तो ट्रॅक्टर बदनाम झाला. हॅरी फर्ग्युसन यांनी यावर तोडगा काढला: खाली दोन हात आणि वर एक दांडा, म्हणजे आपला टॉप लिंक. नांगर अडकला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि नाक खाली दाबून धरतो. १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरपासून ही रचना जगभर पसरली. आज आपल्या शिवारात दिसणारा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर याच रचनेचा आहे.

पण संरक्षण मिळतं ते नांगराला टॉप लिंक लावलेला असतो म्हणून. ट्रॉली एका पिनेवर लोंबकळते, तिला टॉप लिंक नसतो. शिवाय हे हात हायड्रॉलिकने वर-खाली होतात. चालकाचा हात चुकून लिव्हरला लागला तर ओढायची जागा चालत्या गाडीत वर जाते. म्हणून रिकामी ट्रॉली अंगणात इकडून तिकडे सरकवायला ती पट्टी चालेल. उसाची ट्रॉली तिला लावून रस्त्यावर येऊ नका. ट्रॉलीसाठी हूक किंवा ड्रॉबार. दोन्हींपैकी कुठला किती वजन पेलतो, हे ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक बहुतेक घरांत कपाटात, गाडीच्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं. ते बाहेर काढा.

२. उलाळ म्हणजे काय, हे आजोबांना विचारा

आता सगळ्यात महत्त्वाची कल्पना. तिच्यासाठी मराठीत आयता शब्द आहे: उलाळ.

बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की दांड्या वर उठतात, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ही उलाळ. उलट सगळं ओझं पुढे भरलं तर जू मानेवर दाबलं जातं आणि बैल बसकण मारतात. चांगला गाडीवान ओझं असं भरतो की मानेवर थोडासाच भार राहावा. थोडा लागतोच, नाहीतर गाडी डुलते. जास्त नको, नाहीतर बैल मरतो.

दोन चाकांच्या ट्रॉलीला हेच लागू पडतं. ट्रॉलीचा एक्सल म्हणजे तराजूचा टेकू. टेकूच्या पुढे वजन जास्त असेल तर दांडा हूकवर दाबतो. मागे जास्त असेल तर दांडा हूकला वर उचलतो. हूक वर उचलला गेला की दोन गोष्टी होतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो, म्हणून ती चिखलात फिरतात. आणि पिन भोकात वर चढायला लागते. पिनेला खालून लॉक नसेल तर ती एखाद्या खड्ड्यात निघूनही जाते. ऊस भरताना शिडी मागे लावली आणि मोळ्या मागेच रचत गेलं, तर उलाळ भरतानाच तयार होते.

आता एक छोटं गणित करू. ट्रॉली आणि ऊस मिळून ६,००० किलो धरू. हूकपासून एक्सलपर्यंत ३ मीटर अंतर. ऊस उंच रचलेला असल्याने सगळ्या वजनाचा मध्य एक्सलच्या १.५ मीटर वर. सपाट रस्त्यावर हूकवर ४०० किलो दाब आहे.

समजा नव्या ट्रॅक्टरचा हूक जुन्यापेक्षा १० सेंटीमीटर उंच आहे. दांडा पुढून १० सेंमी उचलला गेला. ३ मीटरमागे १० सेंमी, म्हणजे ३० ला १ असा तिरकेपणा. उंचावरचा वजनाचा मध्य त्या प्रमाणात मागे झुकतो: १५० सेंमी भागिले ३०, म्हणजे ५ सेंमी. ६,००० किलो ५ सेंमी मागे गेले, त्याला ३०० ने भागा. हूकवरचा दाब १०० किलोने कमी झाला. ट्रॉलीत एक मोळी हललेली नाही, तरी ४०० चे ३०० झाले.

आता हीच ट्रॉली चढाला लागली. १० मीटरला १ मीटर चढ. पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या पाणंदीत असे चढ रोजचे आहेत. तिरकेपणा १० ला १ झाला की मध्य १५ सेंमी मागे जातो आणि हूकवरचा दाब ३०० किलोने घटतो. म्हणजे जुन्या, खालच्या हूकवर चढात १०० किलो तरी दाब उरला असता. उंच हूकवर तो शून्य होतो. त्यापुढे थोडा जरी झटका बसला तरी दांडा वर उचलणार. “सपाटीवर भारी चालतो, चढाला लागला की ट्रॅक्टर नाचतो” अशी नव्या ट्रॅक्टरची तक्रार ऐकू येते. तिचं मूळ इंजिनात शोधण्याआधी हूकच्या उंचीत शोधा.

३. उंची कशी मोजायची?

मोठ्या ट्रॅक्टरला मागची चाकं मोठी असतात. टायरवर १३.६-२८ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. १३.६-२८ च्या जागी १४.९-२८ किंवा १६.९-२८ टायर आला की रिमचा व्यास तोच, पण टायर जाड आणि उंच. चाकाचा व्यास १० सेंमीने वाढला की ट्रॅक्टरचं मागचं धड ५ सेंमी वर येतं, आणि हूक धडालाच बांधलेला असल्याने तोही वर येतो. कंपनी बदलली तर धडाचा आकारच वेगळा, मग फरक आणखी वाढू शकतो.

माप घ्यायला फरशीची किंवा काँक्रीटची सपाट जागा हवी. घराचं अंगण चालत नाही, ते पावसाच्या पाण्यासाठी उताराचं केलेलं असतं. कारखान्याच्या वजनकाट्याजवळची जागा किंवा पेट्रोल पंपाचं आवार बरं. टायरांत हवा पुस्तकात दिलीय तेवढी भरा, कारण कमी हवेचा टायर उंची खोटी दाखवतो. ट्रॉली तिच्या स्टँडवर उभी करा, आणि बैठक पुढे-मागे समपातळीत आली की दांड्याच्या कडीची जमिनीपासूनची उंची मोजा. मग ट्रॅक्टरच्या हूकची उंची मोजा. दोन आकड्यांत बोटभर फरक असला तर सोडून द्या. चार बोटांचा असला तर काम करावं लागेल.

काम म्हणजे काय, याबद्दल माझं मत ठाम आहे. ट्रॅक्टरचा हूक वर-खाली करण्याच्या भानगडीत पडू नका. ट्रॉलीची कडी बदला. ट्रॅक्टरच्या हूकची जागा कारखान्यात हिशेब करून ठरवलेली असते, आणि ती का, हे पुढच्या भागात येतंच आहे. ट्रॉलीचा दांडा मात्र गावच्या किंवा तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला असतो आणि तिथंच नीट बदलता येतो. दांड्याच्या तोंडाला उभी जाड प्लेट बसवून तिला वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडतात आणि कडी बोल्टांनी आवळतात. पुढच्या वेळी ट्रॅक्टर बदलला तरी कडी दुसऱ्या भोकात लावली की झालं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला हे सांगितलं तर तो समजून घेईल. ड्रॉबार उलटा करून उंची बदलायची सोय तुमच्या ट्रॅक्टरला असेल आणि पुस्तकात तशी परवानगी असेल, तर तेही चालेल. पण ट्रॅक्टरच्या मूळ हूकवर किंवा धडावर नवा हूक वेल्ड करून उंची वाढवणं किंवा कमी करणं, हे नको.

याला एक धातूचं कारण आहे. ट्रॅक्टरचं मागचं धड बिडाचं असतं. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला बीड काय चीज आहे हे सांगायला नको. बीड दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही, आणि वेल्डिंगची एकदम पडलेली उष्णता तर त्याला तडकवते. तडा आतून जातो, वरून रंग तसाच राहतो. असा तडा भरल्या ट्रॉलीखाली उघडा पडतो.

अमेरिकेत गाडी बदलणाऱ्यालाही उंची अशीच जुळवून घ्यावी लागते. तिथल्या आपल्या मराठी घरांतही आता बोटीची किंवा सहलीची ट्रेलर मोटारीमागे लावून नेणारे आहेत. तिथं हूकऐवजी लोखंडी गोळा असतो, आणि मोटार बदलली की गोळ्याची दांडी वर किंवा खाली वळलेली घेऊन ट्रेलर समपातळीत आणतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर असावा, असा तिथला नेहमीचा ठोकताळा आहे. तो मोटारींसाठी आहे, आपल्या ट्रॉलीला जसाच्या तसा लावायचा नाही. पण मानेवर थोडा भार लागतो, हे गाडीवानाचं ज्ञान तिथंही खरं ठरतं.

४. पुढची चाकं जमिनीला किती धरून आहेत?

ट्रॅक्टर वळतो पुढच्या चाकांनी. ती हलकी झाली की स्टिअरिंग फिरतं, ट्रॅक्टर सरळच जातो. चालक म्हणतात, “पुढनं हलका झालाय.” हे का होतं?

ट्रॅक्टरची मागची चाकं टेकू धरा. हूक त्या टेकूच्या मागे आहे. हूकवर वजन पडलं की पुढचं टोक वर उचललं जातं. लहान मुलांच्या सी-सॉसारखंच. आणखी एक जोर असतो: ट्रॉली मागे ओढते. ही ओढ जितकी उंचावरून, तितकं ट्रॅक्टरचं नाक वर जातं. उभ्या माणसाला गुडघ्याजवळून मागे ओढा आणि खांद्याला धरून मागे ओढा. खांद्याला धरून ओढलेला माणूस लगेच उताणा पडतो.

आधीचंच उदाहरण पुढे नेऊ. ट्रॅक्टर २,००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांत २ मीटर अंतर. १० ला १ चढावर ६,००० किलोची ट्रॉली ओढायला चढापोटी ६०० किलो आणि कच्च्या रस्त्यावर चाकं फिरवायला आणखी ३०० किलो, म्हणजे सुमारे ९०० किलोचा जोर लागेल. हूक जमिनीपासून ५० सेंमी उंच असेल तर पुढची चाकं ९०० गुणिले ५० भागिले २००, म्हणजे २२५ किलोने हलकी होतात. हूकवर उरलेल्या दाबामुळे आणखी ४० किलोच्या आसपास. चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागे झुकतं त्याचे ८० किलो धरा. ८०० पैकी साडेचारशे किलो तरी पुढे उरतात.

आता हूक कुणीतरी वेल्ड करून ८० सेंमीवर नेला. ओढीचा वाटा २२५ वरून ३६० वर जातो. बाकीचे आकडे तेच धरले, तर पुढे सव्वातीनशे किलोही उरत नाहीत. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा, हा वजनं लावण्याचा जुना नियम. इथं तो ४०० किलो होतो. म्हणजे एका हूकवर ट्रॅक्टर नियमात आहे, दुसऱ्यावर नाही. आणि हा हिशेब एकाच ट्रॉलीचा, तोही झटका न देता क्लच सोडला असेल तरचा.

म्हणूनच हूक वर नेऊ नका म्हटलं.

पुढे बंपरला वजनं लावणं हा उपाय आहे आणि तो चांगला आहे. पुढच्या चाकांच्या ६० सेंमी पुढे १०० किलो लावले तर चाकांवर १३० किलो पडतात, कारण ते वजन टेकूपासून लांब आहे. पण तो चुकीच्या उंचीच्या हूकवरचा उतारा नाही. आधी उंची, मग वजन.

हे सगळं गणित न करताही खरा आकडा मिळवायची एक सोय आपल्याकडे गावोगाव आहे: वजनकाटा. ट्रॅक्टरला ट्रॉली न लावता फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहून ठेवा. मग भरलेली ट्रॉली जोडून तेच करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ट्रॉलीने पुढून उचललेलं वजन. ट्रॉलीचा हूकवरचा साधारण दाब हवा असेल तर ट्रॉली सोडवून तिचं स्टँड तेवढं काट्यावर टेकवा, चाकं काट्याबाहेर. काट्यावरच्या माणसाला दोन मिनिटं थांबवावं लागेल, पण हा आकडा कुठल्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा खरा असतो.

५. दोन ट्रॉल्या असतील तर

ऊस वाहतुकीत एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या ही नेहमीची गोष्ट. दुसऱ्या ट्रॉलीचा दांडा पहिल्या ट्रॉलीच्या शेपटाला लागतो. तो शेपटावर दाबला की पहिली ट्रॉली तराजूसारखी मागे झुकते आणि तिचा दांडा ट्रॅक्टरच्या हूकवरून हलका होतो. शेपूट एक्सलच्या मागे २ मीटर आणि हूक पुढे ३ मीटर असेल, तर मागच्या ट्रॉलीच्या ३०० किलो दाबाने पुढच्या हूकवरचे २०० किलो कमी होतात. म्हणून दोन्ही ट्रॉल्यांच्या कड्या आणि शेपटाकडचे हूक यांची उंची एकत्रच तपासावी लागते. पहिली कडी बदलली आणि शेपूट तसंच ठेवलं, तर चूक फक्त मागच्या ट्रॉलीकडे सरकते. भरताना पहिल्या ट्रॉलीत पुढे थोडा जास्त भार राहील असं पाहा.

६. पिन, कडी आणि “ठक्”

कडीचं भोक पिनेपेक्षा थोडं मोठं लागतंच, नाहीतर खड्ड्यात ट्रॉली तिरकी झाली की दांडा पिळला जाईल. पण किती मोठं? खिळ्यावर हातोडा ठेवून नुसता दाबला तर खिळा आत जात नाही. तोच हातोडा वीतभर उचलून मारला की जातो. ढिलाई म्हणजे हातोड्याला मिळालेली ती वीत. ट्रॅक्टर पुढे निघताना पिन आधी मोकळ्या जागेतून सरकते आणि मग कडीवर आदळते. ब्रेक मारला की उलटा आदळा. नव्या, ताकदवान ट्रॅक्टरने हा आदळा वाढतो. जुन्या ट्रॅक्टरची बारीक पिन तशीच वापरली, तर तीच सगळ्यात आधी जाते.

पिन हातात घेऊन मधे बोट फिरवा. खाच लागली तर जाडी मोजा. ३० मिलिमीटरची पिन झिजून २७ झाली, तर डोळ्याला दहावाच हिस्सा गेलेला दिसतो. पण गोल दांड्याची वाकायला विरोध करायची ताकद जाडीच्या घनाने बदलते: ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे ०.७३. चौथाईहून जास्त ताकद गेली. अशी पिन भरणी करून परत वापरू नका, नवी घ्या. तिच्या जागी बांधकामाची सळी किंवा हाताला आलेला बोल्ट घालून “आजची खेप भागवणं” हा आपल्याकडचा सगळ्यात महाग जुगाड आहे. बोल्टाच्या आट्यांत प्रत्येक खाच ही तडा सुरू व्हायची जागा असते.

पिनेला खालून लॉक हवं, तारेचा तुकडा नको. आणि दांड्याखालून दोन साखळ्या हव्यात, एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या. छेद का? पिन तुटली तर दांडा रस्त्यावर खुपसण्याऐवजी त्या दोन साखळ्यांच्या झोळीत पडतो आणि ट्रॉली बाजूला न जाता ट्रॅक्टरमागेच राहते. साखळी इतकीच लांब ठेवा की वळताना ताणली जाऊ नये आणि जमिनीला घासू नये.

इथं एक कळकळीची विनंती. हंगामात ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजवत जाण्याची पद्धत आहे. लांबच्या रात्रीच्या खेपेत जाग राहावी म्हणून चालक गाणी लावतात, हे मला समजतं. पण पिन ढिली झाल्याची पहिली सूचना तो “ठक्” आवाजच असतो. निदान निघताना आणि चढ लागताना तरी आवाज बंद ठेवा.

७. वळण, ब्रेक, दिवे

मोठी चाकं बाहेर जास्त पसरतात. उसाच्या फडातून पाणंदीत वळताना टायर ट्रॉलीच्या दांड्याला घासतो का, हे रिकाम्या ट्रॉलीने दोन्हीकडे पूर्ण वळून पाहा. कुणीतरी खाली उभं राहून बघायला हवं, आणि बघणाऱ्याने टायर आणि दांड्याच्या मधे कधीच उभं राहू नये. नांगराचे दोन्ही हात वर करून बांधलेले असावेत, नाहीतर दांडा वळताना त्यांना अडतो.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डावं आणि उजवं, शेतात जागेवर वळण्यासाठी. रस्त्यावर येण्याआधी ती जोडपट्टीने एकत्र केलीच पाहिजेत. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागून ट्रॉली त्याला ढकलत राहते. ५० एचपीचा ट्रॅक्टर जास्त ओढतो, पण थांबवायची ताकद एचपीतून येत नाही. ती येते ट्रॅक्टरच्या वजनातून आणि ब्रेकमधून. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर तिचं सगळं वजन थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या चाकांवरच पडतं. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. उतारात गिअर काढू नका.

दिव्यांसाठी मागे सात पिनांचं सॉकेट असतं. जुन्या ट्रॅक्टरच्या वायरची जोडणी नव्याला जुळेलच असं नाही. डावा इंडिकेटर दिला की उजवा लागतो, किंवा ब्रेक मारला की सगळेच दिवे मंद होतात. सगळे एकदम मंद होत असतील तर बहुधा अर्थची वायर नीट बसलेली नाही. हूकमधून वीज परत जाईल यावर विसंबू नका, अर्थला स्वतःची वायर द्या. ट्रॉलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागे वाचता येईल असा लिहिलेला हवा. आणि फाळक्यावर, दोन्ही बाजूंना रेडियम पट्ट्या हव्यात. दर हंगामात पोलीस, परिवहन खातं आणि कारखाने त्या लावतात, पण त्या उसाच्या पाल्याने आणि चिखलाने झाकून जातात. भरलेल्या ट्रॉलीतून मागे लोंबणारा ऊस दिव्यांवर आला, तर दिवे असून नसल्यासारखे. रात्री मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला अंधारात उभी ट्रॉली दिसत नाही. या एका कारणाने आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरं उजाड झाली आहेत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. पिन बसतेय, मग काय बघायचं? एक रिकामी खेप मारून या. मग अर्धी भरून, गावाबाहेरच्या एका चढावर. परत आल्यावर हूकचे आणि कडीचे नट पान्याने पुन्हा आवळा, कारण पहिल्या भरलेल्या खेपेत नवे नट बसतात आणि ढिले होतात. पुन्हा पिन काढून तिच्यावर बोट फिरवा. हे सगळं करायला एक दुपार लागते, आणि ती दुपार पहिली मोळी गव्हाणीत पडायच्या आधीच काढा.